सामान्यनाम झालेला नट

मराठी व्याकरणाच्या पहिल्या धड्यातच विशेषनाम आणि सामान्यनाम असा भेद आपल्याला शिकवला जातो. गंगा हे विशेषनाम, नदी हे सामान्यनाम. परंतु भाषा ही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा खट्याळ असते. मनात आले की ती एखादे विशेषनाम उचलते आणि त्याचे सामान्यनाम करून टाकते. भांडणे लावणाऱ्याला आपण नारद म्हणतो, घोरत पडणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतो, शीघ्रकोपी गृहस्थाला जमदग्नी म्हणतो. ही सारी पुराणातली मंडळी. आपल्या नावाचे पुढे काय झाले हे पाहायला ती काही आली नाहीत. पण जिवंतपणी, स्वतःच्या डोळ्यांदेखत ज्याच्या नावाचे सामान्यनाम झाले, असा मराठी माणूस मला एकच ठाऊक आहे. त्यांचे नाव निळू फुले.

आमच्या वणी तालुक्यातील खेड्यांत आजही एखाद्याविषयी ‘त्याच्या नादी लागू नको, तो निळू फुले हाय’ असे म्हटले जाते. ऐकणाऱ्याला एवढ्यात सारे कळते. हा मनुष्य गोड बोलेल, पाठीवरून हात फिरवील, चहा पाजील आणि जाताना आपले वावर घेऊन जाईल, असा त्याचा अर्थ. असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी निळूभाऊंचा एकही चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. एखाद्या नटाचे नाव लोकांच्या तोंडी शिवी म्हणून रुळावे, हा त्या नटाचा गौरव समजायचा की त्या माणसावर झालेला अन्याय? हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे माझ्या मनात घोळत आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न.

आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक तरी विद्यार्थी निळू फुल्यांची नक्कल करतो. टोपी जरा तिरकी करायची, धोतराचा सोगा हातात धरायचा, आवाज घोगरा करायचा आणि समोरच्या बाईला ‘वाड्यावर’ बोलवायचे, की शिट्ट्यांनी मंडप दणाणतो. भ्रमणध्वनीवरच्या चिमुकल्या चित्रफितींतही हाच प्रकार चालतो. मला ही नक्कल पाहून हसू येत असे, नाही असे नाही. परंतु माझ्या आजीला ती दाखवली तेव्हा तिने मान फिरवली. ‘हासाचं काय हाय त्यात?’ एवढेच ती म्हणाली आणि शेंगा निवडू लागली. ज्या गोष्टीवर सारे महाविद्यालय हसते तिच्यावर सत्तर वर्षांची एक बाई हसत नाही, याला काहीतरी कारण असले पाहिजे. ते कारण समजण्यासाठी मला दोन वाटांनी जावे लागले. एक वाट निळूभाऊंच्या कारकिर्दीची, दुसरी आमच्या घराची.

पहिली वाट आधी घेऊ. निळकंठ कृष्णाजी फुले हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९३० चा. पुण्यात त्यांची जडणघडण झाली. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. तरुण वयात ते राष्ट्र सेवा दलात गेले आणि पोटासाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून राबले. सकाळी झाडांना पाणी घालायचे आणि संध्याकाळी सेवादलाच्या कलापथकात उभे राहायचे, असा तो काळ. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधील रोंगे या भूमिकेने ते लोकांच्या नजरेत भरले. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव पोचवले. मग १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात ते झेलेअण्णा झाले. त्या वेळी त्यांचे वय अडतीस होते. या वयात चित्रपटसृष्टीतले नायक आपली उतरती कळा मोजू लागतात. निळूभाऊंची कारकीर्द तिथे सुरू झाली.

ही अडतीस वर्षे वाया गेली नव्हती, असे मला वाटते. कलापथकाचा नट गावाच्या मैदानात उभा असतो. त्याच्यापुढे पडदा नसतो, मागे देखावा नसतो. पहिल्या रांगेतले पोर त्याच्या धोतराला हात लावू शकते इतके जवळ असते. समोर कोण बसले आहे, पाटील कुठे बसला, त्याच्या शेजारी कोणाला जागा मिळाली आणि कोण दूर झाडाखाली उभा राहिला, हे त्याला रोज दिसते. गावाची सारी मांडणी त्याच्यासमोर घोंगडीसारखी पसरलेली असते. पाटलाची भूमिका करायला पाटलाच्या घरात जन्मावे लागत नाही. पाटलासमोर उभे राहावे लागते. बागेतल्या माळ्याला साहेबाची चाल साहेबापेक्षा अधिक ठाऊक असते, कारण ती चाल ऐकून त्याला उठून उभे राहायचे असते.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे मराठी चित्रपटात निळू फुल्यांचेच राज्य. ‘सोंगाड्या’ १९७१ चा, ‘पिंजरा’ १९७२ चा. तमाशापटांची लाट होती आणि प्रत्येक तमाशापटाला एक पाटील, एक सरपंच किंवा एक पुढारी लागत असे. नायकाला गाणी मिळत, नायिकेला लावणी मिळे, आणि निळूभाऊंच्या वाट्याला येई तो लोकांचा तिरस्कार. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना पाहून बोटे मोडत, तोंड फिरवीत. हे ते स्वतः मुलाखतींतून सांगत असत, आणि ती आपल्या कामाची पावती आहे असे मानत.

परंतु त्यांना केवळ खलनायक म्हणणे मला पटत नाही. खलनायक दुष्ट असतो, आणि तेवढे त्याला पुरते. निळूभाऊ चरित्रनट होते. त्यांच्या प्रत्येक दुष्ट माणसाला एक गाव होते, एक धंदा होता, एक घर होते. तो दुष्टपणा कुठून येतो आणि कशाच्या जोरावर चालतो, हे ते दाखवीत. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १९७५ मधील ‘सामना’.

‘सामना’ हा डॉ. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. रामदास फुटाणे त्याचे निर्माते, विजय तेंडुलकरांची पटकथा. साखर कारखान्याच्या परिसरात हिंदुराव धोंडे पाटलाचा शब्द हाच कायदा आहे. तिथे एक दारुडा, भणंग मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. आणि हा मास्तर गावभर एकच प्रश्न विचारीत सुटतो, की सैन्यातून परत आलेल्या मारुती कांबळेचे पुढे काय झाले. मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू, आणि हिंदुराव झाले होते निळू फुले. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातील स्पर्धेत हा चित्रपट त्याच वर्षी दाखवला गेला. या चित्रपटातील एक गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवत नाही, ती मला फार मोलाची वाटते. लागू हे नाक-कान-घशाचे डॉक्टर, शिकलेले, परदेश पाहिलेले. फुले हे बागेत काम केलेले माळी. आणि पडद्यावर डॉक्टर झाला भणंग, माळी झाला साखरसम्राट! एकालाही आपापल्या ठिकाणी परके वाटत नाही. अभिनय म्हणजे काय, हे समजावून द्यायला दुसरे उदाहरण शोधायची गरज नाही.

हिंदुराव क्वचितच ओरडतो. ‘सामना’ पाहताना हे ध्यानात ठेवून पाहावे. ज्याने उघड्या मैदानावर आवाज फेकायला शिकून घेतले, त्यालाच आवाज कधी आवरायचा हे कळते. हिंदुराव हळू बोलतो, कारण त्याला ऐकणारे लोक आपणहून गप्प होतात. तो समोरच्याची विचारपूस करतो, कारण विचारपूस करण्याचा अधिकार गावात त्याच्याकडेच आहे. तो मास्तरला दारू पाजतो, आणि त्या पाजण्यात खरा लोभही असतो. आपल्याला राग येतो तो त्या लोभाचाच. तो निव्वळ राक्षस असता तर आपण निर्धास्त झालो असतो.

आता दुसरी वाट. १९७२ चा दुष्काळ आमच्या भागात अजूनही ‘बहात्तरचा’ म्हणून ओळखला जातो. माझे आजोबा तेव्हा तिशीच्या आत होते आणि आजी नुकती लग्न होऊन आलेली होती. घरी चार एकर काळी जमीन. ज्वारी हाती लागली नाही, कापसाची बोंडे धरलीच नाहीत. खायला ज्वारी आणि पुढच्या पेऱ्याला सरकी हवी होती. दोन्ही गोष्टी गावातल्या एका मोठ्या घरी मिळत. त्या घराचे नाव मी इथे लिहीत नाही. ते घर आता पडले आहे आणि त्यातली माणसे शहरात गेली आहेत.

आजी सांगते, की आजोबांबरोबर तीही त्या वाड्यावर गेली होती. म्हणजे ‘वाड्यावर’ हा शब्द आमच्या घरात विनोदाचा नाही. तिथे काय घडले हे मी तिला अनेकदा विचारले, आणि दरवेळी तिने तेच सांगितले. ‘थो बोंबलत नव्हता, बापा. बोंबलनाऱ्याले कोन भेते? थो हळू बोले. बसा म्हने. चहा आनला. मांडीवरल्या पोराले गुळाचा खडा देल्ला. मंग कागद पुढं केला.’ आजोबांनी अंगठा दिला. आपण जमीन गहाण ठेवली, असे ते दोघे समजून घरी आले. कागद खरेदीचा होता हे दोन वर्षांनी कळले. त्यानंतर आजोबा त्याच चार एकरांत सालदार म्हणून राबले. आपल्याच धुऱ्यावर उभे राहून दुसऱ्याच्या बैलांना हाकारत राहिले. ते फार बोलत नसत, असे माझे वडील सांगतात. मी त्यांना पाहिले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत आजी-आजोबा गेले होते. ती जत्रा बैलांच्या बाजारासाठी आमच्याकडे प्रसिद्ध. जत्रेत तंबूतला सिनेमा लागला होता, आणि तो होता ‘सामना’. आजीने तोवर देवाधर्माचे एक-दोन चित्रपट पाहिले होते. या चित्रपटात देव नव्हता, गाणीही बेतासबात. साखर कारखाना म्हणजे काय हे तिला धड ठाऊक नव्हते, कारण आमचा मुलूख कापसाचा. सातारा-कोल्हापूरकडची ती बोलीही तिच्या कानाला परकी होती. पण हिंदुराव पडद्यावर आला, मऊ आवाजात बोलू लागला, आणि आजीने शेजारी बसलेल्या आजोबांचा हात धरला. ‘हा तर थोच हाय,’ ती म्हणाली. आजोबा म्हणाले, ‘व्हय.’ त्या दिवसापर्यंत वाड्यावर घडलेल्या प्रकाराविषयी ते दोघे एकमेकांशी बोललेच नव्हते. आजोबांना लाज वाटत असे की आपल्याला वाचता आले नाही, आणि आजीला वाटे की आपण तो गुळाचा खडा पोराला घेऊ द्यायला नको होता. तंबूतून बाहेर पडल्यावर रात्रभर, बैलगाडीत, ते त्याविषयी बोलले. आजी म्हणते, ‘तवा समजलं, आपन बावळट नव्हतो. थो तसाच असते. साऱ्याइले तसाच फसवते.’

या एका वाक्यापाशी मी बराच थांबलो. पुण्याच्या एका माणसाने एक भूमिका केली, आणि वणीच्या जत्रेतल्या दोन माणसांची लाज उतरली. आपल्यावर जे गुदरले ते आपल्या मूर्खपणाने नव्हे, तर एका ओळखीच्या रीतीने गुदरले, हे त्यांना पडद्यावर दिसले. नटाकडून यापेक्षा मोठी कोणती गोष्ट मागायची? आणि याची परतफेड आजीने कशी केली? त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक गोडबोल्या माणसाला तिने निळू फुले म्हणायला सुरुवात केली! वाड्यावरच्या माणसाचे नाव ती आजही घेत नाही. त्याच्या वाटची शिवी निळूभाऊंनी आपल्या नावावर घेतली.

निळूभाऊंना हे ठाऊक असावे. ठाऊक नसते तर त्यांनी तेच ते करीत राहून पैसा केला असता. परंतु रंगभूमीवरची त्यांची कामे पाहिली की ध्यानात येते, की त्यांनी आपल्या या नावाला मधूनमधून मुद्दाम आव्हान दिले. १९७२ साली ते तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चे सखाराम झाले. कमलाकर सारंगांनी ते नाटक बसवले, लालन सारंग चंपा झाल्या. टाकून दिलेल्या बायकांना आणून लग्नाशिवाय ठेवणारा, शिव्या देणारा, मृदंग वाजवणारा आणि आपण ढोंगी नाही याचा अभिमान बाळगणारा सखाराम. परिनिरीक्षण मंडळाने इतकी काटछाट सुचवली की प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सखाराम हा पाटील नव्हे. त्याच्यामागे वाडा नाही, जमीन नाही. त्याची सत्ता एका खोलीपुरती आणि दोन बायांपुरती. मोठी सत्ता आणि छोटी सत्ता सारख्याच रीतीने वागते, हे त्याच नटाच्या अंगात दोन्ही भूमिका पाहिल्यावर कळते.

मग १९७९ चा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर तो बेतलेला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. त्यात फुले असणार म्हणजे निदान एखादा मंत्री तरी असणारच, असे प्रेक्षकांना वाटले असेल. ते झाले दिगू टिपणीस, एक वार्ताहर. सत्तेच्या साऱ्या खोल्यांत जाणारा, सारे पाहणारा आणि काहीही बदलू न शकणारा माणूस. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. आपल्या जिल्ह्याला मुंबईच्या सिंहासनाचे अप्रूप नवे नाही. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री एकट्या पुसदने दिले. त्यामुळे असेल, पण दिगूचे ते हसणे मला परके वाटत नाही. पाटलाचे सोंग घेऊन सत्ता दाखवणाऱ्याने या वेळी सत्तेपुढच्या साक्षीदाराचे सोंग घेतले, आणि तेही तितकेच खरे वाटले. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये तर ते अप्पाजी झाले, म्हणजे मुख्यमंत्री झालेल्या आपल्याच मुलाच्या राजवटीविरुद्ध उभा राहणारा वृद्ध गांधीवादी. पुढे हिंदीतही त्यांनी कामे केली. १९८४ च्या ‘सारांश’मधील गजानन चित्रे हा पुढारी म्हणजे हिंदुरावाचाच शहरात राहायला आलेला भाऊ.

आणि पडद्याबाहेरचा मनुष्य? सेवादल त्यांच्या अंगातून कधी गेले नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते वावरले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून जो सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला, त्यासाठी त्यांनी डॉ. लागूंसह अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्याच्या नावाने आया पोरांना सावध करीत, तो माणूस आयुष्यभर आपल्या कमाईचा आणि वेळेचा वाटा चळवळींना देत राहिला, ही गोष्ट आजीला मी सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मंग त्याले कसं जमलं तसं?’

‘त्याला कसे जमले’ हा प्रश्न मला पुस्तकात सुटला नसता. तो थोडासा सुटला तो गेल्या वर्षीच्या आपल्या स्नेहसंमेलनात. शेतकऱ्याच्या कर्जावरची एक एकांकिका बसत होती. नायकाच्या भूमिकेसाठी सात जण रांगेत, सावकाराच्या भूमिकेसाठी कोणी नाही. आमच्या सरांनी माझ्याकडे बोट केले. मी घरी जाऊन आजीला विचारले, की तो माणूस कसा बसत असे, हात कुठे ठेवी, कागद कोणत्या हाताने पुढे करी. तिने सारे सांगितले. इतके बारीकसारीक सांगितले की मला भीती वाटली. पन्नास वर्षांत त्या संध्याकाळचा एकही कोपरा ती विसरली नव्हती. तालमीत मी मिशी लावली नाही, काठी घेतली नाही. बसा म्हणालो, चहा मागवला, पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि कागद पुढे केला.

प्रयोगाच्या रात्री आजी आली होती. माझ्या प्रवेशाला शिट्टी वाजली नाही. मंडपात गुळाचा खडा देताना जी शांतता पसरली ती अजून माझ्या अंगावर आहे. बायकांच्या बाजूने कोणीतरी ‘नको घेऊ रे’ म्हणाले, तेही हळूच. घरी आल्यावर आजीने मला जेवायला वाढले, पण माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. भाकर ताटात ठेवताना तिचा हात जरा दूरच राहिला. जिने मला लहानाची मोठी केली तिच्या डोळ्यांत त्या रात्री मी कोणीतरी दुसरा होतो. फार वेळाने ती म्हणाली, ‘बराबर केलं तुनं. तसाच होता थो.’ आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत झाले. पण त्या एका जेवणाची चव मला कळली. अशी जेवणे निळूभाऊ चाळीस वर्षे, गावोगाव, अनोळखी माणसांच्या घरी जेवले असतील. नायकाला टाळ्या घरी नेता येतात. यांनी काय नेले असेल?

ज्याने वाड्यावरच्या माणसाचा मनापासून द्वेष केला आहे, त्यालाच तो माणूस हुबेहूब उभा करता येतो, असे मला आता वाटते. त्या द्वेषाला नुसता राग पुरत नाही. कोणत्या हाताने कागद पुढे केला हे लक्षात ठेवावे लागते. माझ्या आजीने ते लक्षात ठेवले होते, आणि पुण्याच्या त्या माळ्यानेही ठेवले असले पाहिजे. ‘त्याले कसं जमलं’ याचे उत्तर मी आजीला दिलेले नाही. ते तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता एक शेवटची गोष्ट, जी या लेखाच्या निमित्ताने मनात आली. निळूभाऊ गेले त्याच वर्षी, २००९ साली, सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट आला. आपल्या विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेजारच्याने आत्महत्या केली म्हणून आपला नवराही तसे करील या धास्तीने एक बाई त्याच्यावर पहारा ठेवते, त्याला जपते, गोडधोड करून घालते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ती जोडी उभी केली आहे. उत्तम चित्रपट. पण त्यात निळू फुले नाहीत. म्हणजे मला म्हणायचे आहे, त्यात वाड्यावरचा माणूसच नाही. पाऊस आहे, बियाणे आहे, कर्ज आहे. कोणाला बोटे मोडावीत, हे त्या बाईला कळत नाही. कारण समोर कोणी बसलेले नाही, चहा मागवणारे कोणी नाही.

आजीच्या वेळी लुबाडणाऱ्याला चेहरा होता, म्हणून त्याला नाव देता आले. आज आमच्या गावात भाव कोण ठरवते, बियाणे उगवले नाही तर दार कोणाचे ठोठवायचे, हे माझ्या वडिलांना सांगता येत नाही. ते कागदावर अंगठा देत नाहीत, सही करतात. वाचूनही पाहतात. तरीही वर्षाअखेर हिशेब तोच निघतो. या बिनचेहऱ्याच्या सत्तेची भूमिका कोण करील? तिला कोणता आवाज द्यायचा, कोणत्या हाताने कागद पुढे करायचा? आपल्या महाविद्यालयात नाटकाची हौस असलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना नायक व्हायचे आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ती भूमिका अजून रिकामी आहे. जो कोणी ती घेईल त्याला शिट्ट्या मिळणार नाहीत. कदाचित त्याचे नाव लोकांच्या तोंडी शिवी होईल. पण कोण्या जत्रेत, कोण्या मंडपात बसलेला एखादा माणूस शेजारणीचा हात धरून ‘हा तर तोच’ म्हणेल, आणि त्या रात्री ते दोघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील.